तार गाईच्या बाजूने

बाबा,

गेल्या सोमवारी कुंपण पुन्हा पडलं. पूर्वेकडचं, शेजारच्या चाचांच्या शेताला लागून असलेलं. या थंडीत तिसऱ्यांदा. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि निवांत बसून तुमची आठवण काढायला मला कधी सवड मिळाली नाही, पण पक्कड हातात घेतली की तुम्ही हजर. लोकांचे वडील स्वप्नात येऊन आशीर्वाद देतात म्हणे. माझे येतात ते ‘तार ढिली आहे’ एवढंच सांगायला.

मुळात एअरफोर्समधून निवृत्त झाल्यावर माणसाने मुकाट्याने अमरावतीला परत जावं. तुम्ही इथे उत्तरेतच, अमौसी विमानतळाच्या पलीकडे जमीन घेतलीत आणि गाई पाळल्यात. का, तर इतकी वर्षं विमानांचे नटबोल्ट आवळले, आता काहीतरी जिवंत हवं. आणि त्या जिवंत गाईंनाही विमानाचेच नियम लावलेत. फाटकाच्या प्रत्येक बोल्टला भोक पाडायचं, त्यातून बारीक तार ओवायची, पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधायची, म्हणजे एक सैल व्हायला लागला की दुसरा घट्ट होईल. फाटकापर्यंत मी समजू शकते. पण तुम्ही आईच्या कुकरचा दांडासुद्धा सोडला नाहीत. आई ओट्याशी पदर खोचून उभी आहे, म्हणते आहे, “अहो, मला वरण करायचंय, कुकर उडवायचा नाहीये,” आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे तार पिळताय. तो कुकर अजून माझ्याकडे आहे. दांडा अजून हलत नाही. मला त्याचाही राग येतो.

आमचे रविवार तर तुम्ही खाऊनच टाकलेत. वर्गातल्या मुली आयांबरोबर अमीनाबादला कुर्त्यांचं कापड घ्यायला जायच्या, आणि मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात यू-खिळे घेऊन तुमच्यामागे कुंपणाची फेरी मारायची. प्रत्येक खांब हलवून बघायचा, प्रत्येक तार बोटाने वाजवायची. एका रविवारी तुम्ही हातोडी पहिल्यांदा माझ्या हातात दिलीत आणि पाण्याच्या टाकीकडे गेलात. मी तेरा वर्षांची. आत ती शिंगाळी गाय फुरफुरत उभी, म्हणून मी शहाणपणा केला आणि बाहेरच्या बाजूने उभं राहून सात खांबांना तार ठोकली. कशी सरळ रेघ! तुम्ही आलात, पाहिलंत, म्हणालात, “काढ.” मी विचारलं, “सगळे खिळे?” “सगळे.” अंगठ्याला फोड आला होता, मी रडत होते, आणि तुम्ही तिथेच उकिडवे बसून मला समजावत होतात, “तार गाईच्या बाजूने असली, तर ती रेटते तेव्हा खांब सोसतो. बाहेरून असली, तर खिळ्याला सोसावं लागतं. खिळा बिचारा किती सोसणार? गाय मान घासणारच. तिचं काही चुकत नाही.” मी सातही खांब पुन्हा केले. तुम्ही स्वतः खांदा लावून तार रेटून पाहिलीत आणि पुढच्या खांबाकडे निघून गेलात. एक शाबास म्हणायला काय झालं होतं, बाबा?

यंदा तुमचे निलगिरीचे खांब बुडातून कुजले, म्हणून ठेकेदार बोलावला. त्याने नवे खांब गाडले आणि तार बाहेरून ठोकली. “दीदी, रोड से एकदम सीधी दिखेगी,” म्हणाला, “फार्म चमक जाएगा.” चमकला खरा. पंधरा दिवसांत तांबडी गाय मान घासायला लागली, खिळे एकेक करून निघाले आणि सगळ्या गाई चाचांच्या मटारात. मी खिळे पुन्हा ठोकले, जरा जास्त लांबीचे आणून ठोकले, खांबाला दोरी गुंडाळली. तिने तेही उपसलं. सोमवारी चाचा आले. तुम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून चहा प्यायचात, तेच चाचा. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काठीवर दोन्ही हात ठेवून हळूच म्हणाले, “बिटिया, फ़ौजी साहब के ज़माने में एक दिन तुम्हारी गाय हमारे खेत में नहीं आई. अब हमसे नहीं होगा. एक बार और आईं, तो हम ब्लेड वाला तार खिंचवा देंगे.”

ती पात्यांची तार काय करते ते मी पाहिलंय. रस्त्याकडेच्या मोकाट गाईंच्या माना फाटलेल्या असतात, जखमेत किडे पडलेले असतात. आणि तांबडी गाभण आहे, रोज त्याच जागी मान घासते. मी मजूर लावून पूर्वेची सगळी तार उतरवली. तो कुरकुरला, “दीदी, अंदर-बाहर कौन देखता है?” माझ्या तोंडून गेलं, “गाय देखती है, भैया.” चार दिवस आम्ही आतल्या बाजूने ठोकत होतो. शेवटच्या खांबाशी मी खांदा लावून तार रेटली, तर तुमची नात मागून हसली, “मम्मा, आप बिल्कुल नाना हो गई हो.” मी मराठीत खेकसले, तिने हिंदीत सॉरी म्हटलं. आज सकाळपासून तांबडी तिथे मान घासते आहे. तार कुरकुरते, पण खांब सोसतोय. झालं तुमच्या मनासारखं?

हे पत्र त्या खिळ्यांच्या डब्यात जाणार, दुसरीकडे कुठे पाठवणार? म्हणून सांगून टाकते. ठेकेदाराच्या माणसाने पहिला खिळा बाहेरून ठोकला, तेव्हा मी चहाचा कप घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला दिसलं होतं. ‘काढ’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता आणि मी तो चहाबरोबर गिळला. एकदा, फक्त एकदा, तुमच्या पद्धतीने न केलेलं काहीतरी या जमिनीवर टिकलेलं मला बघायचं होतं. तांबडीच्या मानेचा विचार मी केला नाही, चाचांच्या मटाराचाही नाही.

तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही आता काही बोलत नाही. चाचांनी काल कुंपणापलीकडून विचारलं, “गलती किसकी थी, बिटिया?” मी म्हटलं, ठेकेदार की.