पंपावरची म्हातारी

प्रिय मुंगी,

तुम्ही ऑफिसात बनवलेला तुझा खेळ खेळून पाहिला. खोक्यावर तू चिठ्ठी चिकटवली होतीस, "आई, खरं काय वाटलं ते कळव, गोड बोलू नकोस." गोड बोलण्याबद्दल माझी ख्याती आहे असं तुला केव्हापासून वाटायला लागलं कोण जाणे. तर ऐक, आवडला नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर दोन वाक्यांत आपण त्याच एका विषयाशी येऊन थडकतो, की मी हे घर बंद करून तुझ्याकडे राहायला कधी येणार. मग कुणीतरी फोन आपटतं. बहुतेक वेळा मीच. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

खेळाच्या यंत्राच्या वायरी टीव्हीच्या दुकानातल्या माणसाने जोडून दिल्या. "नातवासाठी का, आजी?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, मला तपासायचा आहे. त्यावर त्याने सगळ्या वायरी पुन्हा एकदा तपासून घेतल्या. तुझी आत्या खालच्या मजल्यावरून विणकाम घेऊन वर आली आणि माझ्या शेजारी ठाण मांडून बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला कधी बोलवावं लागलंय?

सुरुवातीलाच एक भसाड्या आवाजाचा माणूस सांगतो की जग संपून दीडशे वर्षं झाली. मग म्हणे आपलं नाक निवडा. जग बुडालंय आणि मी नाकं बघत बसले आहे! पांढरे केस मिळतात, सुरकुत्या मिळत नाहीत. नंतर गुण वाटायचे असतात: ताकद, चपळाई, बुद्धी, नशीब. मी सगळे बुद्धीत घातले. पहिल्याच वळणावर एका कुत्र्याने माझा फडशा पाडला. आत्या टाक्यांवरून नजर न काढता म्हणाली, "वहिनी, आयुष्यभर तू हेच केलंस."

आता तुझं ते जग. दीडशे वर्षांत एकाही माणसाला झाडू हातात घ्यावासा वाटला नाही? माणसं राहत्या घरात जेवतात, झोपतात, भांडतात, आणि पलीकडच्या खाटेवर सांगाडा तसाच! निदान बाहेर तरी नेऊन ठेवा. डब्यातले वाटाणे दीडशे वर्षांनी खायचे आणि त्याने बंदुकीची जखम भरून येते. सात बंदुका पाठीवर मावतात, आठवी घेतली की पाय उचलत नाही. सगळ्यांच्या अंगावर चामड्याचे पट्टे, पण त्या पट्ट्यांना पॅन्ट धरून ठेवायचं काम नाही. आणि बोलतात कसे! जो भेटेल तो दात-ओठ खाऊन बोलतो. जगावर संकट आलं म्हणून माणसाने साधं "या, बसा" म्हणायचं सोडून द्यावं असं कुठे आहे?

प्रत्येक कपाट उघडायचं, प्रत्येक मेलेल्याचे खिसे चाचपायचे, हे कुठून आलं ते मात्र मला लगेच कळलं. तुझा शाळेचा फ्रॉक धुवायला टाकण्याआधी मी खिसे उलटे करायची. नट, वायसर, माझ्या प्रयोगशाळेतली काचेची बुचं, एकदा तर अख्खा थर्मामीटर. मुंगी हे नाव उगाच नाही पडलं. पण प्रत्येक बूच मी तुला जागच्या जागी परत ठेवायला लावलं होतं. तुझ्या खेळात उचलायचं बटन आहे, परत ठेवायचं नाही. शोधून थकले.

एवढं होऊनही मी खेळत राहिले, कारण तू म्हणाली होतीस की मधला भाग तू लिहिला आहेस आणि त्यात पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. हयात ज्या कामात गेली, ते लेकीने कसं मांडलंय ते बघावं म्हटलं. खिंडीपलीकडच्या वस्तीला पाणी सुरू करून द्यायचं, असं काम मिळतं. मी चष्मा पुसून सरसावून बसले. आणि बघते तर काय, नदीच्या गढूळ पाण्यात आधी क्लोरीन! मग ते वाळूतून गाळायचं, मग निवळायला ठेवायचं आणि सगळ्यात शेवटी तुरटी! वरातीमागून घोडं. चिखलात औषध ओतलं तर ते चिखलच पिऊन टाकतो, हे मी तुला तू दात पडायच्या वयाची असताना शिकवलं होतं. वर पडद्यावर अक्षरं झळकली: "शाब्बास! शुद्ध पाणी!" मी इतक्या जोराने ओरडले की आत्याची सुई टाक्यातून सुटली. एक गाव मारलंत तुम्ही, आणि वर शाब्बास?

त्या दुपारी मी तुला फोन करणार होते. तुझ्या साहेबांनाही दोन शब्द सुनावणार होते. मग चहा केला, आणि चहा गाळताना हात थांबला. ही चूक अडाण्याची नाही. अडाणी माणूस कुठेतरी चुकेल, कुठेतरी नेम लागेल. इथे सगळं बरोबर होतं, फक्त टोकापासून उलटं. आणि उलटं कुणाला दिसत होतं? तुझी शाळा आमच्या केंद्राच्या मागच्या फाटकाशी होती. शाळा सुटली की तू मागून शिरायचीस. आधी क्लोरीनची खोली, तिथे तू नाक दाबून पळायचीस. मग वाळूच्या गाळण्या, मग संथ पाण्याचे हौद, मग तुरटीच्या गोण्या, आणि अगदी पुढे, नदीच्या अंगाला, माझी प्रयोगशाळा. पाणी माझ्याकडून निघून तुझ्या शाळेकडे जायचं, आणि तू त्याच्या उलट दिशेने माझ्याकडे यायचीस. तुझ्या डोक्यात केंद्राचा तोच क्रम राहिला आहे. इतकी वर्षं झाली तरी.

चूक ती चूकच. दुरुस्त करा. पण मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी खेळातल्या त्या केंद्राच्या पंपघरात वरच्या मजल्यावर गेले, तर तिथे तुझी एक म्हातारी. खिडकीपाशी उभी, हातात पाण्याचा ग्लास, उजेडात तिरका धरलेला, आणि जिभेने "च्" करते. आत्या किंचाळलीच, "अगं बाई, वहिनी, ही तू! अंबाडासुद्धा तुझाच!" मी म्हटलं, माझा अंबाडा इतका विस्कटलेला कधीच नसतो.

विषारी धुळीचं वादळ येतंय, म्हातारीला वस्तीत न्यायचं आहे. तिला सांगायला तीन वाक्यं दिली आहेत, त्यातलं एक निवडायचं. "इथे धोका आहे, चला." "तिकडे तुम्हाला काहीसुद्धा करावं लागणार नाही, नुसतं बसायचं." "नाही आलात तर उचलून नेईन." वाचताना माझे कान तापले. मी न्हाणीघरात पडले तेव्हापासून ही तिन्ही वाक्यं मी ऐकते आहे, याच क्रमाने, तुझ्याच आवाजात. मी पहिलं निवडलं. म्हातारी म्हणाली, पंप कोण बघणार? दुसरं निवडलं. पंप कोण बघणार? तिसऱ्याला तिने पाठच फिरवली. पंप केव्हाचा बंद पडलेला आहे, हे तिलाही दिसतंय, मलाही. तरी हलत नाही. आत्या वैतागून म्हणाली, "काय हट्टी बया आहे!" आणि मग माझ्याकडे बघून घाईघाईने टाके मोजायला लागली.

वादळ येऊन जातं. आपण परत वर जातो तेव्हा म्हातारी खुर्चीत बसलेली असते, ग्लास मांडीवर, आणि पडद्यावर शब्द येतात: "किल्ली घ्या." तिच्या कमरेची किल्ली घेतल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. आत्या म्हणाली, घे की, खोटी तर आहे. मी नाही घेतली. यंत्र बंद केलं. तेव्हापासून ते बंदच आहे आणि तुझा खेळ माझ्यापुरता तिथेच अडला आहे.

मुंगे, मी रागावले ते म्हातारी मेली म्हणून नाही. वय झालं की माणसं मरतात. रागावले ते यासाठी, की तू तिला न्यायचा एकही मार्ग ठेवला नाहीस. यंत्र बंद करण्याआधी सगळी बटनं दाबून बघितली, पाच-सहा वेळा मागे जाऊन पुन्हा खेळले, शेवट तोच. ती येणार नाही हे तू आधीच ठरवून टाकलंस. मागच्या खेपेला तुझ्याकडे आले होते, तेव्हा मी विसळायला घेतलेला कपही तू हातातून काढून घेतलास. "आई, तू बस." मी बसले. महिनाभर बसले. तुझी खुर्ची मऊ आहे, खिडकी छान आहे, आणि परत निघेपर्यंत मला माझेच हात कुणा दुसऱ्याचे वाटायला लागले होते. तू प्रेमानेच करत होतीस, तेवढं कळतं मला. पण त्या खुर्चीत आणि पंपघरातल्या खुर्चीत मला फार फरक दिसत नाही.

आता हे पत्र लिहायचं कारण. खेळ बाजारात यायला अजून अवकाश आहे, बदल करता येतात, असं तू म्हणाली होतीस. तर त्या म्हातारीसाठी चौथं वाक्य घाला. मी तुला आयतं देते: "आमच्या वस्तीचं पाणी गढूळ येतंय, काय चुकतंय ते आम्हाला कळत नाही, बघायला येता का?" एवढं कुणी म्हटलं असतं तर ती ग्लास खाली ठेवून, किल्ली स्वतःच्या हाताने काढून देऊन, तुझ्या त्या पट्टेवाल्या वीराच्या आधी जिना उतरली असती. आणि तुमचं पाणी खरोखरच उलटं वाहतंय, बाई. ते सुलट करायला ऑफिसात कुणी आहे असं दिसत नाही. तेव्हा चौथं वाक्य लिहिण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून बघ, म्हणजे कानाला कसं लागतं ते कळेल. फोनवर म्हण. मी आपटणार नाही. आणि आले, तर कप मी विसळणार.

तुझीच, अंबाडा नीट असलेली,
आई