‘एंड’ लिहिलं तरी

धायरी, पुणे
४ ऑगस्ट २००१

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. मी इथे बरा आहे. आईचा खोकला कमी झाला का? खोलीतला दत्तप्रसाद गावी गेलाय, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडेच. पोळ्या अजून गोल होत नाहीत.

नारायण पेठेतल्या आमच्या क्लासात कॉम्प्युटर कमी, मुलं जास्त. म्हणून ‘जावा’ या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्रॅम आधी कागदावर लिहितो. माझा कागद सर सगळ्यांना दाखवतात. अक्षराची चूक नसते. ‘बारावी नापास असून’ असं ते म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं.

काल परीक्षा झाली. पास होणाऱ्यांना क्लास एका कंपनीत पाठवणार होता. तिथे डिग्री विचारत नाहीत. प्रोग्रॅम सोपा होता. एकेक नाव विचारत जायचं, ‘एंड’ लिहिलं की थांबायचं.

मी ‘एंड’ लिहिलं. मशीनने पुढचं नाव विचारलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुढचं नाव. वाटलं, माझंच स्पेलिंग चुकतंय. पडद्यावर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवलं. सगळा वेळ त्यातच गेला. शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी कधीच उठून गेली होती.

शेवटी सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “अहो, स्पेलिंग चुकलं असतं तर बरं झालं असतं. निदान सापडलं असतं.”

आकड्यांना लावतो तीच दोन बरोबरची चिन्हं मी शब्दांना लावली होती. त्याने मशीन फक्त बघतं, प्रोग्रॅममधला ‘एंड’ आणि मी लिहिलेला ‘एंड’ एकाच जागी ठेवलेत का. आत काय लिहिलंय ते बघायला वेगळी आज्ञा लागते.

“दिसायला सारखेच आहेत हो,” सर म्हणाले, “पण त्याच्या लेखी वेगळे.”

मीही त्या इंजिनिअरिंगच्या मुलांसारखा शर्ट खोचून जातो, तशीच फाईल घेतो. असो. सर म्हणाले, पुढच्या बॅचला बसा.

ताई, तू दर पत्रात विचारतेस, लागलास का. मागच्या वेळी मी ‘लागल्यासारखंच आहे’ असं लिहिलं. बाबांनी ते ‘लागला’ असं वाचलं आणि तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना, रंगरावांना, सांगून टाकलं. त्यांच्या धाकट्यालाही मी चिकटवीन, या आशेवर ते लग्नाला हो म्हणालेत, हे तुला ठाऊक आहे. शुक्रवारी ते माझं ऑफिस बघायला येताहेत.

मी स्टेशनवर जाईन. तिथून त्यांना कुठे नेऊ?

बाबांना लिहायला बसलो, पण ‘तीर्थरूप’च्या पुढे हात सरकेना. तू सांगशील का? सांगितलंस तर तुझंच ठरलेलं मोडेल. मग सांग तरी कसं म्हणू.

काल ते मशीन विचारतच होतं. सरांनी दोन बटणं दाबून थांबवलं. कोणती, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं.

तुझा,
कुठेच न लागलेला,
अभय