सत्तावीस मोठे की तीन?

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकायचं काम माझं. तू गुडघे सांभाळून बसूनच घे.) कसे आहेत गुडघे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की ते कपाटाला चिकटवलेल्या कागदावरच आहेत? जिना चढवत नाही म्हणून यंदाही माझ्याकडे येणार नाहीस, असं तुझं पत्र मिळालं. रागावले आहे. पण सध्या त्या रागाला डोक्यात जागा नाही, कारण सगळी जागा दशांश अपूर्णांकांनी अडवली आहे.

गेले बारा दिवस मी पाचवीच्या वर्गाला एकच गोष्ट सांगते आहे, की ०.४ हे ०.३५ पेक्षा मोठं. वर्गाला ते मान्य नाही. पस्तीस कुठे आणि चार कुठे, असा त्यांचा रोकडा सवाल. (‘शून्य पूर्णांक पस्तीस’ असं मोठ्याने मीच वाचते आणि माझ्याच पायावर धोंडा पाडून घेते.) मग मी कागदाच्या पट्टीचे दहा भाग केले, दुसरीचे शंभर केले, कापता कापता बोटाला फोड आला. त्यातून त्यांनी काय घ्यावं? भाग जास्त केले की तुकडे बारीक होतात, म्हणून आकडे जास्त असले की संख्या लहान. दुसऱ्या दिवशी ०.७५ हे ०.२ पेक्षा लहान ठरलं, तेही एकमताने. तिसऱ्या दिवशी मी ते मोडून काढलं, तर सगळे पुन्हा पहिल्या मतावर जाऊन बसले, मधल्या सुट्टीनंतर आपापल्या बाकावर बसावं तसे.

अशात काल कवायतीचे सर वर्गात आले. क्रीडादिनाच्या संचलनात वर्गाचा झेंडा घेऊन पुढे चालायला सगळ्यांत उंच मुलगी हवी होती. सरांनी उंच्या मोजून फळ्यावर मीटरमध्ये लिहिल्या. (खडू वाचवायचा म्हणून ते शेवटचं शून्य लिहीत नाहीत. त्या एका शून्याने माझा जीव वाचला असता.) शेवटी दोघी उरल्या. एक शिडी (टोपणनावं वर्गानेच पाडलेली), १.४. दुसरी तिची मैत्रीण भिंगरी, १.३८. मला वाटलं, चला, आता तरी डोळ्यांनी दिसेल. दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि विचारलं, कोण उंच? वर्गाने दोघींकडे पाहिलं, मग फळ्याकडे पाहिलं, आणि एका सुरात भिंगरीचं नाव घेतलं. मी म्हटलं, अरे, डोकी बघा की. तर पहिल्या बाकावरून, माझी समजूत काढावी तसं उत्तर आलं,

“बाई, दिसायला शिडी उंच आहे. पण मोजली तर भिंगरी.”

सर घड्याळाकडे बघायला लागले. मी चिडून दोघींच्या डोक्यांवर लांब पट्टी आडवी ठेवली, तर पट्टी अगदी सपाट! क्षणभर माझाच गणितावरचा विश्वास उडाला. मग खाली पाहिलं. शिडीने स्कर्टच्या आड गुडघे वाकवले होते. तिला बाजूला घेऊन विचारलं, हा काय प्रकार? ती हळूच म्हणाली,

“भिंगरीला झेंडा हवाय, बाई. माझं काय, मी नंतरही उंचच असणार.”

यावर शिक्षिकेने काय म्हणावं, ते प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मी नको तेवढ्या मोठ्या आवाजात ‘सरळ उभी राहा’ म्हणाले. झेंडा शिडीला मिळाला. भिंगरी रडली, शिडीने तिच्याकडे बघून तोंड पाडलं, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा उत्तर बरोबर येऊनही वर्गात कोणी खूश नव्हतं. मीही नाही.

तुझी,
वैतागलेली धाकटी

ता. क. आज चाचणी घेतली. ‘मोठं कोणतं, ०.५ की ०.५०?’ भिंगरीने लिहिलं, ‘०.५०, कारण त्याने मेहनत जास्त घेतली आहे.’ फुली मारवेना. अर्धा गुण दिला. तो ०.५ लिहिला की ०.५०, ते विचारू नकोस.

आणखी एक. घरी येऊन बाबांची जुनी वही काढली, आपल्या उंच्या लिहिलेली. ताई १.३, धाकटी १.२७. (बाबांचाही शून्याशी छत्तीसचा आकडा.) जी उंच तिला खिडकीजवळची खाट, असं ठरलं होतं, आठवतं? सत्तावीस मोठे म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, आणि आरशासमोर पाठीला पाठ लावली तेव्हा आपण अगदी बरोबरीत भरलो. तेरा वर्षं मी त्या खिडकीशी झोपले. गणितात तुला पैकीच्या पैकी मिळायचे, ताई.

शेवटचं, आणि खरं तर पत्र यासाठीच. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची ठेवायचं शेजाऱ्यांशी बोलून ठेवलं आहे. खिडकीजवळची खाट रिकामी केली आहे. ये. गुडघ्यांची सबब आता चालणार नाही. ते कधीपासून वाकताहेत आणि कोणासाठी, ते मला कळलं आहे.