हाताला न लागलेलं कुलूप

चिझुए,

इथे नागानोला थंडी पडली आहे, पण माझी तब्येत ठीक आहे. आईचे गुडघे कसे आहेत? मुळे वाळायला टांगलेस का? जड टोपल्या तू उचलू नकोस.

आज गावच्या मंडळींबरोबर झेंकोजीच्या देवळाखालच्या काळोख्या भुयारात उतरलो. उजव्या हाताने भिंत चाचपत जायचं. वाटेत भिंतीवर, वरच्या बुद्धमूर्तीच्या बरोबर खाली, एक कुलूप आहे; ते हाताला लागलं की बुद्धाशी नातं जुळतं. मी कोणासाठी उतरलो, ते तुला सांगायला नको.

मध्येच पुढची एक अनोळखी म्हातारी थिजली. "बाबा रे, हात दे, मला पुढे जाववत नाही!" मी तिला उजवा हात दिला आणि डाव्याने भिंत धरली. कुलूप उजवीकडे होतं. इतरांच्या हातात ते खडखडलेलं ऐकू आलं आणि पाहता पाहता आम्ही उजेडात आलो.

"शिगेओ, मूर्खा, डावा हात द्यायचास की!" आपल्या गावचा कुमागाई हसला.

म्हातारी म्हणाली, "मला लागलं ना कुलूप? तुझा हात माझ्याच हातात होता. तुलाही पोचलं."

ते पटावं असं फार वाटतं, पण पटत नाही. पुन्हा उतरायला गेलो, तर भुयार बंद झालं होतं.

उद्या सगळे मात्सुमोतोचा किल्ला पाहायला जातील. मी सकाळच्या गाडीने घरी निघतो. कदाचित या पत्राच्या आधीच पोचेन. तुझ्या छातीतल्या गाठीबद्दल सोमवारी डॉक्टर काय सांगतील, ते एकटीने ऐकू नकोस. आईला कुलुपाचं काही बोलू नकोस.

मी येईपर्यंत बुद्ध तुला सांभाळो.

तुझा,
शिगेओ