मागचा गडी

२ फेब्रुवारी, सोम. न्हावरे

सकाळीच राहू गावातनं वहिनींचा फोन. बापू डायलिसिसला गेला नाही. गाडी दारात उभी, अन् हा पठ्ठ्या भिंतीकडं तोंड करून पडलेला. "भावजी, तुमचं ऐकतील. तुम्ही या." माझं कधी ऐकलंय त्यानं!

दोन वर्षं झाली, सोम-बुध-शुक्र दौंडला जातोय. सुया टोचायला डाव्या हातावर ऑपरेशन करून शीर फुगवलेली, ती दिवाळीत बंद पडली. मग गळ्यातल्या नळीवर दिवस काढले. आता उजव्या हातावर केलीय. उजवा म्हणजे रॅकेटचा हात. त्या हातानं आता घागरसुद्धा उचलायची नाही. तेव्हापासून बोलायचा कमी झाला होता. मला वाटलं, थकवा असेल.

गुडघ्याला पट्टा बांधून मोटरसायकल काढली. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या. शिव्या घालत पोचलो.

बापू म्हणला, "आलास? च्या पी आन् जा."

३ फेब्रु.

काल लिहवेना. आज लिहितो, बापू काय म्हणला ते.

"दत्ता, आख्खी जवानी तुझ्यामागं पळलो. आता बास. दमलोय मी."

म्हटलं, डॉक्टर काय म्हणले, नाही गेलं तर?

"आठ-धा दिस." मेंढरं वाड्यात घालायला किती वेळ लागतो ते सांगावं, तसं बोलला.

मग माझा तोल सुटला. भेकड म्हणलो, पळपुटा म्हणलो, नाही नाही ते बोललो. वहिनी चुलीपुढनं उठून आल्या. हा हसतोय! "बघ गं, अजून तसाच हाय. एक पॉइंट गेला की बोंब."

तो हसला याचाच राग जास्त आला. च्या न पिता निघालो. वहिनी फाटकापर्यंत आल्या.

दिवसभर तेच डोक्यात. रेल्वेत दोघं एकदमच लागलो, खेळाच्या कोट्यातनं. डबल्सची जोडी. मी पुढं, नेटजवळ. बापू मागं. आमच्या सरांचा नियम एकच, पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. मागनं स्मॅश येतो, शटल डोळ्यात बसलं की डोळा गेला. बापूच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. तीच भाषा यानं कोर्टवर आणली. जीभ टाळ्याला लावून 'ट्टॅक' केलं की मी डावीकडं व्हायचं, शीळ घातली की उजवीकडं. पंच वैतागायचे. "अहो, हे बॅडमिंटन आहे का बाजार!"

म्हणजे इतकी वर्षं एका कोर्टवर खेळलो, पण बापूला खेळताना मी पाहिलेलाच नाही. कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

४ फेब्रु., बुध.

आजही गेला नाही. वहिनी म्हणाल्या, पायावर सूज चढलीय, बोट दाबलं की खड्डा राहतो. पाणी मागतात सारखं. द्यावं का?

डॉक्टरला विचारा म्हणलो. भेकड कोण मग.

दुपारी फेसबुकवर एका गोऱ्याचा मेसेज. आधी वाटलं फसवाफसवी. मग फोटो नीट पाहिला. मारेक! पोलंडचा! रेल्वेवाल्यांच्या सामन्यांना तिकडं गेलो होतो, तेव्हा यानं अन् याच्या जोडीदारानं आम्हाला हरवलेलं. तेव्हा लाल दाढी होती, आता पार पांढरी.

मॅच संपल्यावर हा गडी नेटखालून वाकून आला आन् माझा पुढं केलेला हात सोडून आधी बापूकडं गेला. त्याला मिठी मारली. मनगटावरचा स्वतःचा पट्टा काढून दिला. मी तसाच हात धरून उभा. किती दिवस सललं होतं ते. इकडं आल्यावर पेपरात फोटो माझाच आला, तेव्हा कुठं बरं वाटलं.

तो लिहितो तिकडच्या भाषेत, मोबाईल त्याचं मराठी करतो. "तू समोरचा होतास. तो उंच मनुष्य कसा आहे, जो मेंढ्यांचा आवाज काढत असे?" मारेकचा खांदा गेला म्हणून खेळ सुटला. नंतर शाळेची बस चालवली. आता कुठल्याशा लहान गावात पोरांना शिकवतो. म्हणतो, खेळात असताना कुणी ओळखायचं नाही, सोडल्यावर तर घरचेही विसरले. जुनी कॅसेट मोबाईलवर चढवून घेतलीय, आपला सामना आहे तिच्यात, पाठवू का?

पाठव म्हणलो. बापूला दाखवतो. रक्त जरा उसळेल त्याचं, शुक्रवारी स्वतःहून गाडीत बसेल.

बापू ठीक आहे, असं लिहून टाकलं.

५ फेब्रु.

सकाळी ओट्यावर बसून सामना पाहिला.

पुढं एक माकड नाचतंय. ते मी. हात काय, उड्या काय. आन् मागं बापू.

काय लिहू. मी चुकीच्या बाजूला झेप घेतो, तर माझी मोकळी जागा धरायला हा आधीच निघालेला. मी सोडलेलं प्रत्येक शटल यानं उचललंय. डावीकडं पडतो, उठतो, उजवीकडं धावतो. कोपरातनं रक्त येतंय, ते शर्टाला पुसतो. मग शटल माझ्या पुढ्यात सोपं येतं, मी टप्पकन मारतो, आन् दोन्ही हात वर! लोक टाळ्या वाजवतात. हा मागं गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला, तोंड उघडं. मी वळतच नाही. नियम ना.

वाकलेल्या अवस्थेतच त्यानं 'ट्टॅक' केलं. कॅसेटमध्येसुद्धा ऐकू आलं. मी डावीकडं झालो.

रडलो. सौ.नं विचारलं काय झालं. कांदा, म्हणलो. "कांदा तर मी चिरतीय," म्हणली, आन् आत गेली. नंतर च्या आणून ठेवला.

आता कुठल्या तोंडानं म्हणू, अजून पळ म्हणून? खरंच दमलाय तो. हा व्हिडिओ त्याला काय दाखवायचा, तो तर तिथंच होता. मेल्या मारेकला पहिल्याच मॅचला जे दिसलं ते मला आत्ता...

दुपारी मारेकला खरं काय ते कळवलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं. मोबाईलचं मराठी लाकडासारखं, पण कळलं. "माझ्या जोडीदारानेही दार बंद केले होते. त्याने सांगितले, येऊ नकोस. मी त्याच्या इच्छेचा मान ठेवला. अंत्यविधीला गेलो. सर्व म्हणाले, तू योग्य केलेस. मला अद्याप माहीत नाही."

जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, "जाऊन तर या. नुसतं बसा त्यांच्यापाशी."

६ फेब्रु., शुक्र. दौंड, दवाखान्याच्या बाकावर

सकाळी राहूला गेलो. बापूचं तोंड सुजून डोळे बारीक झालेले. आडवं होता येत नाही, दम लागतो. उशीला टेकून बसलेला. वहिनींनी गाडी बोलावून ठेवलेली. "गाडीत न्हाई बसायचो," एवढंच घोकत होता.

मी खाली बसलो, तर गुडघा कडाडला. म्हणला, "वर बस की, बाबा."

"बापू, पोलंडची मॅच बघितली मी. मागं काय चाललं होतं ते."

बापू उशीवर जरा सरकला. मग, "लई लवकर बघितलीस."

आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं. माझ्या तोंडात माफी यायला लागली होती, ती गिळली. त्याला तसलं आवडत नाही.

"माझ्या गाडीवर बस. तू म्हणशील तिकडं नेतो. दौंड म्हण, नायतर नदीला चल म्हण, तुझ्या बापाचा मेंढरांचा वाडा बसायचा तिथं. मी वाद घालणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

उठला. वहिनींनी खांदा दिला, मागनं शाल घातली. मोटरसायकलवर माझ्यामागं बसला. अंगात इतकं पाणी साठलंय तरी वजन लागेना. रस्ताभर माझ्या मानेवर त्याचा श्वास, घरघरता. वहिनी गाडीतनं मागं.

खुटबावच्या फाट्यावर थांबलो. इकडं दौंड, तिकडं नदी. इंजिन चालू ठेवून वाट बघितली. ट्टॅक येईल, शीळ येईल. काहीच येईना. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून मारून बोंबलायला लागला.

मग मी मागं वळून बघितलं.

डोळे मिटलेले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, शीर टम्म फुगलेली. झोप होती का नव्हती, सांगता येत नाही. "बापू, कुठं?"

डोळे न उघडता म्हणला, "पुढं बघ."

एवढंच. शब्द दिला होता, तो म्हणेल तिकडं. तो काही म्हणलाच नाही. मी गाडी दौंडकडं घातली.

आत नेलं तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. सिस्टरनं विचारलं, पेशंटचे कोण? पार्टनर, म्हणलो. ती म्हणली, धंद्यातले का? नाही, बॅडमिंटनचे. तिनं आधी माझ्या पोटाकडं बघितलं, मग गुडघ्याच्या पट्ट्याकडं.

उजव्या हातात सुया घातल्या. मी जवळ गेलो तर हळूच म्हणला, "सोमवारी येऊ नको."

ह्या वेळी शब्द दिला नाही.

मशीन चालू आहे. वहिनी खाली डबा आणायला गेल्यात. दाराच्या काचेतनं दिसतोय, माझ्याकडं पाठ करून पडलाय. मी बघत बसलोय.