कागदावर न उतरवलेले चार बार

मी, विल्फ्रेड अँथनी मिस्किटा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जॅझ ट्रम्पेटवादन, राहणार गिरगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टाइप करणाऱ्याकडे दिले नाही, कारण टाइप करणारा वाचतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवले आहे. मराठीत लिहितो, कारण मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो आणि माझा भाचा मॅल्कम याला मराठी वाचता येत नाही. त्याला हे चारचौघांत दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल.

१. वाडीतल्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या भाची केझिया हिला द्याव्यात. तिचा भाऊ मॅल्कम माझ्या आजारपणात सूप घेऊन आला आणि मोबाइलने भिंती मोजून गेला. त्याला माझी लोखंडी मोजपट्टी द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी माप चुकणार नाही.

२. माझ्या अंत्यविधीला दुसऱ्या बँडचा ट्रम्पेटवाला इयान याने वाजवू नये. १९८८ साली एका हॉटेलात कार्यक्रमाच्या मध्ये आम्ही चहाला गेलो असता माझ्या स्टँडवरचा कागद त्याने उतरवून घेतला आणि पुढच्याच आठवड्यात माझी चाल स्वतःची म्हणून वाजवली. तो कागद स्टँडवर आहे हे त्याला कुणी सांगितले? माझा संशय रघु परबवर होता. रघु म्हणजे आमच्या बँडचा बेसवाला, चिंचपोकळीचा, गिरणी कामगाराचा मुलगा. पुरावा कधी मिळाला नाही, पण संशयाला पुरावा लागत नाही.

३. त्या दिवसापासून मी एक युक्ती केली. आमच्यात चार मात्रांच्या तुकड्याला बार म्हणतात. माझ्या प्रत्येक चालीतले मधले चार बार मी कागदावर उतरवलेच नाहीत. तिथे बाकीच्यांनी थांबायचे आणि मी एकट्याने वाजवायचे. चाल तिथेच वळण घेते. कागद चोरणाऱ्याच्या हाती लंगडी चाल लागते. अशा एकसष्ट चाली आहेत. माझी दिवंगत पत्नी पर्पेच्युआ म्हणायची, "विली, तू कन्फेशनमध्ये फादरला पण अर्धंच सांगत असशील." खरे आहे. पण मी गेल्यावर या एकसष्ट चालीही माझ्याबरोबर मातीत जाणार, ही भीती मला अलीकडे छळू लागली.

४. गेल्या वर्षी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर ताण येतो म्हणून डॉक्टरांनी दीड महिना फुंकायला बंदी केली. त्यातच दादरला आमच्या बँडचा रविवार दुपारचा कार्यक्रम होता. रघु म्हणाला, "तू आराम कर, आम्ही बघतो." म्हणजे माझे चार बार आता दुसराच कुणी वाजवणार, हे मी ओळखले. काळा चष्मा होताच, वर टोपी घातली आणि चोर रंगेहाथ पकडायला मागच्या रांगेत जाऊन बसलो.

माझी खुर्ची रिकामी ठेवली होती. पहिल्या चालीत ते चार बार आले आणि सगळे थांबले. रघु टाचेने मात्रा मोजत उभा. लोकांना वाटले संपले, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. चार बार पुरे झाले आणि सगळे एकदम पुढे सुरू झाले. पुढच्या प्रत्येक चालीत तेच. मी तिथे रडलो. ते ऑपरेशनचे पाणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी रघुला फोन करून विचारले, "तुला ते बार पाठ नाहीत?"

"पस्तीस वर्षं ऐकतोय रे. झोपेत पण सांगेन."

"मग वाजवून का नाही घेतलेस कुणाकडून?"

"तू दिलेस काय कधी? दिले नाय ते माझे कसे?"

५. ते सगळे बार मी आता वहीत लिहिले आहेत. वही लाख लावून वकील जगदीश राऊळ यांच्याकडे ठेवली आहे. लाखेवर माझ्या ट्रम्पेटच्या माउथपीसच्या कडेचा ठसा आहे. तो बिघडलेला दिसल्यास वकीलसाहेबांनाच विचारावे. ही वही आणि एकसष्ट चालींचे सर्व हक्क मी रघु परब याला देत आहे. ट्रम्पेटही त्यालाच. तो फुंकत नाही, पण कुणाला द्यायचे ते त्याने ठरवावे. मी ठरवायला बसलो तर कुणालाच देणार नाही. १९८८ चा संशय मी मागे घेत आहे, बराचसा.

६. साक्षीदारांविषयी. रघु आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आपणहून आला. म्हणाला, "सहीला माणूस लागेल ना तुला?" मी म्हटले, "तुझी सही नको." त्याने कप खाली ठेवला. "अजून पण भरवसा नाय काय रे, विल्फ्रेड?" एवढेच बोलला आणि चहा अर्धा टाकून गेला. खरे कारण माझ्या ओठांवर आले होते. पण ते सांगणे म्हणजे बार देऊन टाकणे; जिवंतपणी ते हातातून सोडणे मला जमले नाही, याची मला लाज वाटते.

हे वाचले जाईल तेव्हा रघुला पुढे बसवावे आणि एवढे मोठ्याने वाचावे: रघु, आमच्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून तुझी सही घेतली नाही.

(सही) विल्फ्रेड अँथनी मिस्किटा

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली. त्यांनी आमची नावे दोनदा तपासून घेतली.
साक्षीदार:
१. रामजी सोलंकी, शिंपी, तळमजला (सही)
२. राधाबाई तांडेल, फुलवाली (सही)

गिरगाव, मुंबई
दिनांक १८ नोव्हेंबर २०२४