उलटे हँडल

४ मार्च

चि. खटपट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा काल माझ्या नाकावर टिच्चून एकटे होडी घेऊन गेले, म्हणून लिहिते आहे. एरवी मला लिहायला फुरसत नसते आणि तुला वाचायला.

हाताला कंप, मध्येच भोवळ. एकट्याने पाण्यात जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मी बरोबर येते म्हटले, तर म्हणाले राखणदार नको. शेवटी रविवारी पाना घेतला आणि तू बसवलेल्या स्टिअरिंगची दांडी, म्हणजे चाकाची केबल होडीच्या मागच्या मोटारीला जोडते ती, काढून कपाटात कुलूपबंद केली. नट इतका घट्ट होता की तुझा यथेच्छ उद्धार केला. चाक नुसतेच फिरेल आणि बाबा घरी बसतील, हा माझा हिशेब. काल खिडकीतून पाहते, तर होडी तळ्याच्या मधोमध आणि बाबा मागच्या फळीवर ऐटीत. जेवायला वेळेवर आले, वर भाजीत मीठ कमी म्हणाले.

हे जमले कसे, ते कळव. सूनबाईंना माझी आठवण सांग, म्हणजे तुलाही राहील.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. अगं, मोटारीला स्वतःचे हँडल आहे. चाक बसवताना मी ते वर दुमडून ठेवले होते. माझ्या जन्माआधीपासून बाबा त्यावरच होडी चालवत. तू त्यांना अडवले नाहीस, तरुण केलेस.

पण तिथे तोल गेला तर थेट पाण्यात. सोबत लाल दोरी पाठवतो. एक टोक मोटारीत, दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी निघते आणि मोटार बंद होते. दांडी पुन्हा जोडायची असेल तर सोबतचा नवा नट लाव, एकदा काढला की जुन्याची पकड जाते. मग चाक दोन्हीकडे पुरते फिरवून बघ.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझाच, खटपट्या

१७ मार्च

चि. खटपट्यास आशीर्वाद.

दोरी मिळाली. धक्क्यावर जाऊन बांधू लागले, तर बाबांनी हात मागे घेतला आणि बस म्हणाले. बसले. परतताना त्यांचा हात थरथरू लागला आणि होडी धक्क्याच्या खांबावर निघाली. त्यांनी पाहिले, मीही पाहिले. कशीबशी वळवली, मोटार बंद केली आणि सरकून मला हँडलपाशी जागा दिली.

मोटार पुन्हा सुरू करून मी हँडल डावीकडे ढकलले, होडी उजवीकडे. बाबा म्हणाले, हे उलटे चालते. तुला जड जाणार नाही, जन्मभर माझ्या सांगण्याच्या उलटच वागलीस. मग दोरी स्वतः माझ्या मनगटाला बांधली. गाठ बसायला वेळ लागला. तोवर मी पाणी बघत होते.

चाक आता जोडायचे नाही, असा त्यांचा हुकूम आहे. चाकापाशी एकालाच जागा. मागच्या फळीवर दोघे मावतात.

सवड काढून ये. तुलाही बसवू, पण पुढे.

तुझी ताई

ता. क. पार्सलात तुझ्याकडे: दांडी, जुना नट, नवा नट. माझ्याकडे: हँडल आणि लाल दोरी. बाबांकडे: शेजारची जागा आणि बोलण्याचा पूर्ण अधिकार.